जाळणारा प्रकाश आणि पाहणारा डोळा

गेल्या वर्षींच्या स्नेहसंमेलनाच्या तयारीचे ते दिवस होते. सभागृहांत पताका, फुगे आणि रंगीत दिवे लावण्याचें काम चाललें होतें. इतक्यांत वरच्या वर्गांतील एका विद्यार्थ्यानें खिशांतून जाड लेखणीएवढी एक नळी काढली, तिचें टोक दहा-पंधरा पावलांवरील एका काळ्या फुग्याकडे वळविलें आणि कळ दाबली. निळ्या प्रकाशाची एक रेघ दिसली न दिसली तोंच फुगा फटकन् फुटला. भोंवतालच्या मुलांनीं टाळ्या पिटल्या. आणि खरें सांगावयाचें तर आम्हींही त्यांत भर घातली. टाळ्यांचा आवाज विरल्यावर मात्र एक प्रश्न आमच्या मनांत आला. फुगा तर फुटून गेला. मग ती निळी रेघ पुढें कोठें गेली? पाहतों तों फुग्याच्या मागें पारितोषिकांचें कांचेचें कपाट होतें, आणि त्या कपाटासमोर इयत्ता पांचवीचीं चार मुलें पताका चिकटवीत बसलीं होतीं. सुदैवानें कोणासही इजा झाली नाहीं. परंतु त्या प्रश्नानें आम्हांस इतकें अस्वस्थ केलें कीं, या विषयाचा थोडा अभ्यास करावा आणि जें समजेल तें विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडावें, असें आम्हीं त्याच दिवशीं ठरविलें. तेंच या लेखाचें प्रयोजन होय.

प्रकाशानें जाळण्याचा खेळ कांहीं नवा नाहीं. बहिर्गोल भिंग उन्हांत धरून कापूस किंवा वाळलें पान पेटविण्याची मौज आमच्या पिढीनें केली, आणि तिच्या आधींच्या पिढ्यांनींही केली. भर दुपारच्या उन्हांत एका चौरस सेंटिमीटर जागेवर सुमारें एक दशांश वॅट इतकी शक्ति पडते. ५ सेंटिमीटर व्यासाच्या भिंगाचें क्षेत्रफळ सुमारें २० चौरस सेंटिमीटर भरतें. म्हणजे त्यावर अवघी २ वॅट शक्ति येते. एवढ्यानें खोलींत धड उजेडही पडणार नाहीं! परंतु भिंगापासून १० सेंटिमीटर अंतरावर जी नाभि असते, तेथें हें सर्व ऊन एका मिलिमीटरच्या ठिपक्यांत गोळा होतें. पन्नास मिलिमीटर रुंदीचें ऊन एक मिलिमीटरवर आलें, म्हणजे तें अडीच हजार पटींनीं दाट झालें. आणि म्हणूनच कापूस पेट घेतो. तात्पर्य, जाळण्याचें सामर्थ्य प्रकाश किती आहे यापेक्षां तो किती थोड्या जागेंत एकवटला आहे यावर अधिक अवलंबून असतें.

आतां या भिंगाचा एक गुण आमच्या वाचकांनीं नीट ध्यानांत ठेवावा. नाभीच्या पलीकडे गेल्याबरोबर तो प्रकाश पुन्हां फांकूं लागतो. आणखी १० सेंटिमीटर पुढें गेला कीं तो भिंगाएवढाच रुंद होतो, आणि हातभर अंतरावर तर तो मूळच्या उन्हाहूनही विरळ होतो. म्हणजे भिंगाची आग एका ठिपक्यांत कोंडलेली असते. मूल तो ठिपका स्वतःच्या डोळ्यांनीं पाहतें, आणि तेथें बोट नेऊं नये हें त्यास एकदां चटका बसला कीं कळतें. लेसर नांवाच्या प्रकाशाची गोष्ट याहून निराळी आहे, व ती समजण्यासाठीं तो प्रकाश निर्माण कसा होतो हें पाहिलें पाहिजे.

साध्या दिव्यांतील परमाणु प्रकाश सोडतात ते जत्रेंतील गर्दीप्रमाणें. प्रत्येक जण आपल्या वेळीं, आपल्या दिशेनें, आपल्या चालीनें निघतो. परंतु इ. स. १९१७ मध्यें आल्बर्ट आइन्स्टाइन यांनीं गणितानें असें दाखविलें कीं, ज्या परमाणूंत आधींच ऊर्जा सांठविलेली आहे त्याच्या जवळून योग्य त्या तरंगलांबीचा प्रकाशकण गेला, तर तो परमाणु आपली ऊर्जा सोडून हुबेहूब तसाच दुसरा कण बाहेर टाकतो. दिशा तीच, चाल तीच, रंग तोच. एकाचे दोन, दोहोंचे चार, असे हे कण वाढत जातात. नळीच्या दोन्ही टोकांस समोरासमोर आरसे बसविले, म्हणजे ते पुन्हां पुन्हां त्याच वाटेनें ये-जा करितात व त्यांची संख्या वाढतच जाते. एक आरसा थोडासा पारदर्शक ठेविला कीं त्यांतून हा शिस्तीचा प्रकाश बाहेर पडतो. जत्रेंतील गर्दी आणि एका ठेक्यावर पाऊल टाकणारें लेझीमपथक, यांत जो भेद तोच साध्या दिव्यांत आणि लेसरमध्यें आहे.

आइन्स्टाइन यांच्या गणितास प्रत्यक्ष रूप येण्यास त्रेचाळीस वर्षें लागलीं. थिओडोर मायमन यांनीं १६ मे १९६० रोजीं अमेरिकेंतील कॅलिफोर्नियांत पहिला लेसर चालवून दाखविला. त्यांत बोटाच्या पेराएवढी कृत्रिम माणकाची एक कांडी होती, आणि तिच्या भोंवतीं छायाचित्रें घेतांना वापरतात तसला लखलखाट करणारा सर्पिलाकार दिवा होता. ही शलाका वस्तु भेदूं शकते असें आढळतांच शास्त्रज्ञांनाही जाळण्याचा मोह आवरला नाहीं. एका झोतानें दाढी करण्याचीं किती पातीं आरपार भोंकलीं जातात हें मोजून ते आपल्या लेसरची ताकद सांगत, व या विनोदी मापास ‘जिलेट’ असें त्या पात्यांच्याच कंपनीचें नांव त्यांनीं दिलें होतें. तेव्हां आमच्या विद्यार्थ्यानें फुगा फोडला यांत त्याची कांहीं जगावेगळी हौस होती असें नव्हे. थोरामोठ्यांनींही तेंच केलें होतें.

या कथेंत महाराष्ट्राचाही एक धागा आहे, तो सांगितल्यावांचून पुढें जाणें योग्य होणार नाहीं. आज कारखान्यांतून लाकूड, कापड, चामडें आणि पोलाद कापण्यास जो कार्बन डायऑक्साइड वायूचा लेसर वापरतात, त्याचे जनक चंद्रकुमार नारणभाई पटेल यांचा जन्म १९३८ सालीं बारामती येथें झाला. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून पदवी घेऊन ते अमेरिकेस गेले, आणि तेथील बेल प्रयोगशाळेंत १९६४ च्या सुमारास त्यांनीं हा लेसर सिद्ध केला. कांचेच्या नळींतील वायूमधून विजेचा प्रवाह सोडला म्हणजे त्यांतील नायट्रोजनचे कण ऊर्जा घेतात व ती कार्बन डायऑक्साइडच्या कणांस देतात. हेलियम वायु मिश्रणास थंड राखतो. यांतून निघणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी १०.६ मायक्रोमीटर, म्हणजे मानवी डोळ्यास तो मुळींच दिसत नाहीं. न दिसणारी, परंतु लाकूड जाळणारी शलाका, हें ऐकूनच अंगावर कांटा येतो.

शोधास सात-आठ वर्षें झालीं नाहींत तोंच हौशी मंडळींनीं तो घरीं आणला. ‘सायंटिफिक अमेरिकन’ या प्रसिद्ध मासिकांत हौशी शास्त्रज्ञांसाठीं एक सदर असे. त्यांत सप्टेंबर १९७१ मध्यें कॅलिफोर्नियांतील एका माध्यमिक शाळेच्या विद्यार्थ्यानें बांधलेल्या कार्बन डायऑक्साइड लेसरचें वर्णन छापून आलें. अशा यंत्रास हजारों व्होल्टांची वीज, निर्वात-पंप, वायूंचें मिश्रण आणि थंड पाण्याचा प्रवाह लागतो. तें जुळवितां जुळवितां करणाऱ्यास पदार्थविज्ञान शिकावेंच लागे. आणि जो इतकें शिकला, त्यास त्या यंत्राचें भय काय आहे हेंही ओघानें कळे. श्रम हेच जणूं त्या काळचें रक्षक कवच होतें.

आजची स्थिति अगदीं पालटली आहे. चित्रपटांच्या व गाण्यांच्या तबकड्या लिहिणाऱ्या यंत्रांत तांदळाच्या दाण्याहूनही लहान असा लेसर-डायोड असतो. मोडक्या यंत्रांतून असे लाल डायोड काढून त्यांनीं काडी पेटविण्याचा छंद पाश्चात्त्य देशांतील हौशी मंडळींस प्रथम लागला. पुढें २०१० च्या सुमारास पडद्यावर चित्रें टाकणाऱ्या कांहीं यंत्रांत निळे डायोड येऊं लागले, व त्यांतील एकेक डायोड सुमारें एक वॅट शक्ति देतो असें आढळून आलें. मग काय विचारतां! लोकांनीं अखंड यंत्रें विकत घेऊन, तीं फोडून, आंतले डायोड बाहेर काढले. थोड्याच अवधींत तयार नळ्याही बाजारांत आल्या. पूर्वीं ज्यास वर्षभराची खटपट लागे, तें आतां टपालानें घरपोंच मिळूं लागलें. शक्ति आली, परंतु ती मिळवितांना जें ज्ञान अंगीं मुरत असे, तें मात्र टपालाच्या पेटींत आलें नाहीं.

या हौशी लोकांचे प्रयोग बोधप्रद आहेत, हें कबूल केलें पाहिजे. काडीचें काळें गूल चट्‌कन पेटतें, पण पांढऱ्या कागदावर तीच शलाका बराच वेळ धरली तरी बहुधा कांहीं होत नाहीं. त्याच कागदावर शाईचा काळा ठिपका द्यावा, कीं तेथें लगेच भोंक पडतें. कारण उघड आहे. पांढरी वस्तु पडलेला बहुतेक प्रकाश परत फेंकते. काळी वस्तु तो गिळते, आणि गिळलेल्या प्रकाशाची उष्णता होते. पारदर्शक वस्तूंतून तो न थांबतां निघून जातो, म्हणून कांच तापत नाहीं. पातळ वस्तु लवकर जळते. जाड धातु उष्णता सर्व अंगभर पसरवितो, म्हणून तो सहसा दाद देत नाहीं. लाकडावर शलाका सावकाश फिरविली, तर तपकिरी रेघांचें सुंदर चित्र उमटतें.

या सर्वांत मनोरम प्रयोग आर्थर शॉलो यांचा. लेसरच्या मूळ कल्पनेंत ज्यांचा वांटा होता आणि ज्यांस १९८१ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें, असे हे थोर शास्त्रज्ञ. ते व्याख्यानांत एक मोठा पारदर्शक फुगा दाखवीत. त्याच्या पोटांत गडद निळ्या रंगाचा, उंदरासारखे कान असलेला दुसरा फुगा असे. मग खेळण्यांतील बंदुकींत बसविलेल्या माणकाच्या लेसरनें ते नेम धरीत, आणि आंतला निळा फुगा फुटे. बाहेरचा मात्र जशाचा तसा राही! प्रकाश पारदर्शक पडद्यास न दुखवितां आंतल्या गडद पडद्यावर जाऊन आपलें काम करतो, हें त्यांस श्रोत्यांच्या मनावर ठसवावयाचें असे.

वाचकहो, येथें क्षणभर थांबून विचार करा. पुढें पारदर्शक पडदा व मागें गडद पडदा, अशी दुसरी कोणती वस्तु आपल्या परिचयाची आहे बरें? ती वस्तु म्हणजे आपला डोळा. त्याचा दर्शनी भाग स्वच्छ आहे. आंत भिंग आहे. आणि मागच्या भिंतीस दृष्टिपटल आहे, ज्याच्या पाठीशीं प्रकाश गिळणारा काळसर थर असतो. शॉलो यांचे दोन फुगे म्हणजे डोळ्याचीच प्रतिमा होय. शिवाय डोळ्यांत एक गोष्ट अधिक आहे, ती म्हणजे भिंग. आपण हातांत भिंग धरलेलें नसलें, तरी प्रत्येकाच्या चेहऱ्यावर दोन भिंगें सदैव तयार असतात.

आतां सुरुवातीच्या हिशोबाकडे वळूं. अंधारांत डोळ्याची बाहुली सुमारें ७ मिलिमीटर रुंद होते. लेसरची समांतर शलाका तींतून आंत शिरली, कीं डोळ्याचें भिंग ती दृष्टिपटलावर सुमारें २० मायक्रोमीटरच्या, म्हणजे केसाच्या जाडीहूनही लहान ठिपक्यावर एकवटतें. सात हजार मायक्रोमीटरचे वीस झाले. रुंदी साडेतीनशें पट घटली, म्हणजे दाटपणा साडेतीनशें गुणिले साडेतीनशें, एक लक्षाहून अधिक पटींनीं वाढला. हातांतल्या भिंगानें अडीच हजार पटींत कापूस जाळला होता, हें येथें आठवावें. त्या भिंगाची नाभि भिंगापासून १० सेंटिमीटरवर होती व तेथून दूर राहणें आपल्या हातीं होतें. लेसरची शलाका मात्र वाटेंत फारशी फांकत नाहीं. साध्या लेसर-लेखणीचा ठिपका १०० मीटरवर गेल्यावरही सुमारें १० सेंटिमीटरचाच असतो. तिची खरी नाभि हवेंत कोठेंच नसते. ती पाहणाऱ्याच्या डोळ्यांत तयार होते. सर्व लेखाचें सार आम्हीं एका वाक्यांत सांगावें असें कोणी म्हणेल, तर तें हेंच वाक्य होय.

यासाठींच लेसरांचे वर्ग पाडलेले आहेत. एक मिलिवॅटपर्यंतची दृश्य शलाका चुकून डोळ्यांत गेली, तर पापणी सुमारें पाव सेकंदांत आपोआप मिटते व तेवढ्यानें डोळा वांचतो. पांच मिलिवॅटच्या पुढें हा भरंवसा राहत नाहीं. पांचशें मिलिवॅटच्या वरील लेसर चौथ्या, म्हणजे सर्वांत धोक्याच्या वर्गांत मोडतात. त्यांचा भिंतीवर पडलेला ठिपका जवळून निरखून पाहणेंही घातक ठरूं शकतें. आमच्या विद्यार्थ्याच्या नळीवर एक वॅट, म्हणजे १,००० मिलिवॅट, असें लिहिलेलें होतें. पापणी मिटण्यापूर्वींच अशी शलाका आपलें काम उरकते.

कोणी म्हणेल, “आम्ही थोडेच कोणाच्या डोळ्यांत मारणार आहों? आम्ही फुग्यावर मारतों.” हें म्हणणें प्रामाणिक असलें, तरी पुरेसें नाहीं. साध्या कांचेवर समोरून पडलेल्या प्रकाशापैकीं शेंकडा ४ भाग तिच्या एका पृष्ठावरून परत येतो. एक वॅटचे शेंकडा चार म्हणजे ४० मिलिवॅट. पांच मिलिवॅटच्या मर्यादेच्या आठपट! खिडकीचें तावदान, मनगटावरील घड्याळ, बोटांतली अंगठी, पाण्याचें भांडें, गुळगुळीत फरशी, हीं सारीं अशा वेळीं आरशाचें काम करितात, आणि परतलेली शलाका कोणाच्या डोळ्यांत जाईल हें शलाका सोडणाऱ्यास ठाऊक नसतें. पारितोषिकांच्या कपाटाकडे पाहून आमच्या छातींत धस्स झालें, तें उगाच नव्हे.

नळीवरील चिठ्ठीवर विसंबून राहणेंही शहाणपणाचें नाहीं. हिरव्या लेसर-लेखणींत मूळ प्रकाश अदृश्य, अवरक्त असतो. आंतले स्फटिक त्यापासून हिरवा प्रकाश तयार करितात. उरलेला अवरक्त प्रकाश अडविण्यास एक गाळणी लागते, आणि स्वस्त मालांत नेमकी तीच वगळलेली असते. अमेरिकेंतील नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्‌स अँड टेक्नॉलॉजी या संस्थेंतील शास्त्रज्ञांनीं २०१० सालीं एक हिरवी लेखणी तपासली. तिच्यावर १० मिलिवॅट असें लिहिलें होतें. हिरवा प्रकाश तर मंद होता, परंतु जवळ जवळ २० मिलिवॅट अवरक्त प्रकाश त्याबरोबर बाहेर पडत होता. अदृश्य प्रकाशास पापणी मिटत नाहीं, हें सांगणें नलगे. याच संस्थेनें २०१३ सालीं १२२ लेखण्यांच्या तपासणीचा निकाल प्रसिद्ध केला. त्यांपैकीं हिरव्यांतील शेंकडा सुमारें ९० व लाल रंगाच्या शेंकडा ४४ लेखण्या कायद्याची मर्यादा ओलांडणाऱ्या निघाल्या.

आतां एक खरी हकीकत सांगतों. स्वित्झर्लंडमधील नेत्रवैद्यांनीं ती २०१० सालीं प्रसिद्ध केली. पंधरा वर्षांच्या एका मुलानें १५० मिलिवॅटचा हिरवा लेसर खेळणें म्हणून मागविला. दुरून फुगे फोडणें, कागदास भोंकें पाडणें, बहिणीच्या बुटांस भोंकें पाडणें, असे त्याचे खेळ चालले. एके दिवशीं प्रकाशाचा तमाशा करावा म्हणून तो आरशापुढें उभा राहिला, आणि परतलेली शलाका त्याच्या डोळ्यांत अनेक वेळां गेली. दोन्ही डोळ्यांपुढें अंधुक धुकें आलें. मुलास वाटलें, आपोआप बरें होईल. शिवाय आईबापांस सांगण्याची भीति वाटली. असे दोन आठवडे गेले. वैद्यांकडे नेलें तेव्हां एका डोळ्यानें त्यास तीन फुटांवरील बोटें कशीबशी मोजतां येत होतीं. कांहीं महिन्यांनीं दृष्टि बरीचशी सुधारली. परंतु दृष्टिपटलावरचा व्रण राहिला तो राहिलाच. दृष्टिपटलास वेदना नाहीं. तें जळतांना ओरडत नाहीं. आणि त्याचे मेलेले पेशी पुन्हां उगवत नाहींत.

या हकीकतींत आम्हांस सर्वांत अधिक काय बोंचलें असेल, तर तें लेसरचें तेज नव्हे, तर त्या मुलाचें दोन आठवड्यांचें मौन.

आपल्या इकडेही या विषयाचा अनुभव आला आहे. २०२३ सालीं नाशिक येथील गणेशविसर्जनाच्या मिरवणुकीनंतर कांहीं तरुणांच्या दृष्टिपटलास लेसरमुळें इजा झाल्याचें वृत्त वर्तमानपत्रांनीं दिलें, आणि २०२४ सालीं पुण्याच्या पोलिसांनीं उत्सवांतील अशा झोतांवर बंदी घातली. विमान उतरवीत असलेल्या वैमानिकाच्या डोळ्यांवर शलाका आली, तर शेंकडों प्रवाशांच्या प्राणांशीं गांठ पडते. म्हणून ऑस्ट्रेलियानें २००८ सालीं एक मिलिवॅटहून प्रबळ लेखण्यांच्या आयातीवर निर्बंध घातले, आणि अमेरिकेनें २०१२ सालीं विमानावर लेसर रोखणें हा पांच वर्षांपर्यंतच्या कैदेस पात्र असा गुन्हा ठरविला.

मग हौशी प्रयोग मुळींच करूं नयेत काय? असें आमचें म्हणणें नाहीं. जे जाणते हौशी लोक हे प्रयोग करितात, त्यांचे नियम कडक असतात. ते शलाका उघड्यावर सोडीत नाहींत. ती चारी बाजूंनीं बंद पेटींत ठेवितात, व झांकण उघडतांच वीज तुटावी अशी योजना करितात. खोलींतील चकचकीत वस्तु दूर करितात. अंगठी व घड्याळ काढून ठेवितात. शलाका डोळ्यांच्या उंचीवर कधींच येऊं देत नाहींत. आणि ते त्या त्या तरंगलांबीसाठीं बनविलेला चष्मा घातल्यावांचून कळ दाबीत नाहींत. या चष्म्यांवर एक आंकडा असतो. ‘४’ असा आंकडा असेल, तर प्रकाशाचा दहा-हजारावा भागच आंत येतो. म्हणजे एक वॅटचा एक दशांश मिलिवॅट होतो. परंतु निळा अडविणारा चष्मा लाल प्रकाश खुशाल आंत सोडतो, आणि साध्या उन्हाच्या काळ्या चष्म्याचा तर येथें कांहींच उपयोग नाहीं. शिवाय खोलींत जितकीं माणसें, तितके चष्मे लागतात. स्वतः चष्मा घालून भोंवतीं उघड्या डोळ्यांचे प्रेक्षक जमविणारा मनुष्य हौशी शास्त्रज्ञ नव्हे.

लेसरच्या ज्या गुणामुळें डोळा जातो, त्याच गुणामुळें तो वांचतोही. डिसेंबर १९६१ मध्येंच न्यूयॉर्क येथील वैद्यांनीं माणकाच्या लेसरनें एका रोग्याच्या दृष्टिपटलावरील गांठ जाळून टाकली. आज मधुमेहानें बिघडलेलें दृष्टिपटल सांवरण्यासाठीं नेत्रवैद्य हीच शलाका वापरतात. बाहेरचा फुगा शाबूत राखून आंतल्या फुग्यावर काम करण्याची शॉलो यांची युक्ति तीच ही. आग तीच, वाट तीच; भेद एवढाच कीं, येथें हात शिकलेला आहे आणि माप ठरलेलें आहे.

आमच्या विद्यार्थ्यांस हात शिकवावयाचा असेल, तर त्यांनीं जाळण्यापेक्षां मोजण्यापासून प्रारंभ करावा. शिक्षकांच्या देखरेखीखालीं एक मिलिवॅटची खात्रीची लाल लेखणी घ्यावी. ती मेजावर घट्ट बसवावी, आणि तिच्या शलाकेंत डोक्याचा एक केस ताणून उभा धरावा. समोर २ मीटरवर पांढरी, चकाकी नसलेली भिंत असावी. तिच्यावर एक ठिपका न दिसतां उजेडाचे व अंधाराचे तुकडे ओळीनें दिसतील. मध्यभागाच्या एकाच बाजूचे शेजारचे दोन काळे पट्टे एकमेकांपासून किती दूर आहेत तें मोजावें. समजा, तें अंतर १९ मिलिमीटर आलें. लाल प्रकाशाची तरंगलांबी ०.०००६५ मिलिमीटर; तिला भिंतीच्या २,००० मिलिमीटर अंतरानें गुणून १९ नें भागलें, म्हणजे केसाची जाडी आली: सुमारें ०.०७ मिलिमीटर. साध्या मोजपट्टीनें केसाची जाडी मोजली, ही मौज फुगा फोडण्याहून कमी कशी म्हणावी?

शेवटीं पालकवर्गास दोन शब्द. मुलाच्या खिशांत अशी नळी आढळली, तर ती किती शक्तीची आहे हें आधीं पाहावें, व संशय असल्यास ती घरांत ठेवूं नये. मूल डोळ्यांपुढें डाग किंवा धुकें दिसतें असें म्हणालें, तर तें आपोआप जाण्याची वाट न पाहतां त्यास त्याच दिवशीं नेत्रवैद्याकडे न्यावें. आणि सर्वांत महत्त्वाचें हें कीं, मुलानें आपली चूक आपण होऊन सांगितली, तर प्रथम त्याचें ऐकून घ्यावें. रागें भरण्यास पुढें पुष्कळ वेळ आहे. स्वित्झर्लंडमधील त्या मुलास ही एक खात्री असती, तर त्याचे दोन आठवडे वांयां गेले नसते.

आमच्या त्या विद्यार्थ्यानें आपली नळी दुसऱ्याच दिवशीं आपल्या वडिलांसह येऊन आमच्या स्वाधीन केली. त्यास कोणीं शिक्षा केली नाहीं. केवळ त्यास कपाटासमोर, पांचवीचीं मुलें बसलीं होतीं त्या जागीं बसविलें, आणि फुगा कोठें होता तें दाखविलें. तो बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. या वर्षींच्या विज्ञानप्रदर्शनांत केसाची जाडी मोजण्याचा प्रयोग त्यानेंच मांडला होता, आणि पाहण्यास आलेल्या प्रत्येकास तो पहिलें वाक्य हेंच सांगत होता: “कृपा करून भिंतीकडे पाहा, इकडे नको.”